वाळुंजावरचा तुडतुडा

१९३२ साल. अकलूजला नीरेच्या काठी हिंदुरावांच्या मळ्यात वाळुंजाच्या झाडांची रांग होती. खालून कुणी गेलं, की बारीक हिरवे तुडतुडे अंगावर पडत. हिंदुरावांना त्यांची भारी किळस.

"च्यात पडत्यात, कालवणात पडत्यात. परवा तर एक घशाखाली गेला की! दिसभर वकत व्हतो."

शाळेतले गुरुसिद्धप्पा मास्तर मात्र दोन वर्षं तेच तुडतुडे गोळा करत होते. भिंगाखाली पंख, पाय, डोक्यावरचे ठिपके पाहून त्यांनी बारकाईनं वर्णन लिहिलं. ही जात जगाला नवीन आहे, असं मानून कलकत्त्याच्या एका मासिकानं लेख छापला. अंक हातात पडताच मास्तर मळ्यात धावले आणि हिंदुरावांना सगळा लेख मराठीत सांगू लागले.

हिंदुराव तोंड वाकडं करून ऐकत होते. एकाएकी ते पुढं सरकले. "मास्तर, ह्ये परत सांगा की."

मास्तरांना भरून आलं. त्यांनी सावकाश सांगितलं, "ही जात वाळुंजाखेरीज दुसऱ्या कुठल्याही झाडावर जगत नाही."


"आस्सं व्हय!" म्हणत हिंदुराव उठले आणि गड्यांना हाक मारली, "कुऱ्हाडी काढा रं!"