सालामांकाची मेणबत्ती

स्पेनातल्या सालामांकात एक टर्म स्पॅनिश शिकून जयसिंग सत्तावन्न साली कोल्हापूरला परतला आणि आईनं धुण्यासाठी त्याची ट्रंक उपसली. तळाशी मेणबत्ती निघाली. हातभर लांब, पांढरी, रेशमी फीत बांधलेली. "ही कुणी दिली रं?" "घरमालकिणीनं. तुझ्यासाठी," तो पुटपुटला. खोटं नव्हतं ते. पहिल्याच आठवड्यात त्या म्हातारीनं घरच्यांची चौकशी केली, तेव्हा चार घास मायेनं मिळावेत म्हणून त्यानं नव्या भाषेत ठोकून दिलं होतं, आई लहानपणीच वारली. मग रोज गरम सूप मिळालं. निघताना म्हातारीनं डोळे पुसत ही मेणबत्ती दिली: "आईच्या फोटोपुढं स्वतःच्या हातानं लाव." इकडं आई हरखली. "सातासमुद्रापल्याडची बाई, पर माझी आठवण ठेवली की!" मेणबत्ती अंबाबाईच्या तसबिरीपुढं उभी करून, पदर सावरत तिनं काडेपेटी त्याच्यापुढं धरली. "तुझ्याच हातानं पेटीव, लेकरा."