बोट न दाखवता

“चिठ्ठीत सगळं लिहिलंय. वाचून घे,” साहेब म्हणाले.

वाटाड्यानं चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, वाचायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला आणि घडी करून खिशात टाकली.

“वाचलं, साहेब.”

“अकरा जण आणि त्यांच्या मॅडम. आज लक्ष ठेव. आता एक जरी तक्रार आली ना, तर तुझी रवानगी गमबुटांच्या गोदामात.”

साहेबांचंही चुकत नव्हतं. गेल्या महिन्यात वाटाड्यानं बारा पाहुण्यांना पाच मिनिटं बगळा दाखवला होता. एका पायावर कसा उभा राहतो, मासा कसा टिपतो, सगळं रंगवून सांगितलं होतं. बगळा म्हणजे मोडक्या कठड्याचा बांबू निघाला. पाहुण्यांनी अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहिलं आणि साहेबांनी निदान केलं, की याचं हल्ली कामात लक्ष नसतं.

लक्ष होतं. नजर नव्हती. वर्षभरात दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या ऐन मधोमध, करडा डाग धरला होता आणि कडेकडेनं तेवढा उजेड उरला होता. डाग वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. या पाणथळीत त्याची एकोणीस वर्षं गेली होती, आणि त्या बिनखिडकीच्या गोदामात रबराचा वास घेत बसायच्या कल्पनेनंच त्याला धडकी भरायची.

म्हणून पंधरा दिवस तो रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी येत होता. डोळे मिटून तीन किलोमीटर, पावलं मोजत. वाट सोपी. चढ नाही, उतार नाही, पायरी नाही. चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून नाकासमोर चालायचं. चालणं जमलं. अडचण होती ती दाखवण्याची. त्यावर त्यानं मनाशी पक्कं केलं: कुठंही बोट दाखवायचं नाही. कानाला कळेल आणि हाताला लागेल, तेवढंच सांगायचं.

मंडळी बसमधून उतरली, ती फरशीवर काठ्या टेकतच. सपाट वाटेवर डोंगर चढायच्या तयारीनं येणारे लोक त्यानं पुष्कळ पाहिले होते. गेल्या वर्षी एकानं तर दोर आणला होता. त्याला हसू आलं, आणि बरंही वाटलं. काठीच्या आवाजावरून कोण कुठं आहे ते कळणार होतं.

“एकामागून एक चला. डावा हात कठड्यावर राहू द्या,” तो म्हणाला. मंडळी मुकाट्यानं रांगेत आली. इतके शहाणे पाहुणे त्याच्या वाट्याला क्वचितच यायचे.

चारशे बाराव्या पावलाला फळी पोकळ वाजली. त्यानं सगळ्यांना थांबवलं. “पुढच्या तीन फळ्या ढिल्या आहेत. पाय मधोमध टाका.” आणि प्रत्येक जण पलीकडे येईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

“पाणी किती खोल आहे हो?” मागून एका भसाड्या आवाजाच्या गृहस्थांनी विचारलं.

“काठी खाली सोडून मोजा की.”

अकरा काठ्या चिखलात गेल्या आणि पचक-पचक करत बाहेर आल्या. भसाड्या आवाजाचे गृहस्थ लहान मुलासारखे हसले. “माझी तर गिळायलाच निघाला होता!”

मग त्यानं पाणकणसं खाली वाकवून एकेकाच्या हातात दिली. बोटं बराच वेळ त्या मऊ तपकिरी दांड्यांवरून फिरत राहिली. चिखलाचा वास कुठं कुजका येतो आणि कुठं गोडसर, तेही त्यानं सांगितलं. लोक प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. त्याला उत्साह चढत होता. अर्धी वाट निर्विघ्न पार पडली.

आणि मॅडमनी घोळ केला.

“काका, तो समोर पाण्यात उभा आहे तो कोणता पक्षी?”

समोर करडा डाग होता. डागात पक्षी असेल, नाहीतर पुन्हा बांबू.

“मी कशाला सांगू?” तो म्हणाला. “त्यालाच सांगू दे. कुणी हलू नका.”

सगळे गप्प झाले. एक मिनिट गेलं. दोन गेली. कुणी खोकलंसुद्धा नाही. बोल रे बाबा, तो मनात म्हणत होता, एकदाच बोल. गोदामाचं दार त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं.

“क्राँक!”

“राखी बगळा,” तो एका दमात म्हणाला. “चिडलाय आपल्यावर. आता उडेल. पंख मोठे असतात याचे, सावकाश हलतात. मोजा.”

फट्... फट्... फट्... रांगेतून कुणीतरी हळूच मोजलं, “तीन... चार... पाच...” आवाज लव्हाळ्यांपलीकडे विरला. वाटाड्याचा जीव भांड्यात पडला.

उरलेली वाट तो जवळजवळ नाचतच चालला.

कचेरीत साहेब वही उघडून बसलेच होते. “हं, लिहा. काय असेल ते स्पष्ट लिहा,” ते म्हणाले. वाटाड्या दाराशी हात बांधून उभा राहिला. मॅडमनी पेन घेतलं. “सांगा, काय लिहू?”

भसाड्या आवाजाचे गृहस्थ काठी टेकत पुढं आले.

“लिहा मॅडम. आम्ही अकरा आंधळे आजवर सात ठिकाणी फिरलो. प्रत्येक वाटाड्यानं ‘ते बघा, हे बघा’ करून आमचं डोकं उठवलं. या माणसानं एकदाही ‘बघा’ म्हटलं नाही. दोन धडधाकट डोळे असताना त्याला हे कसं जमलं, ते जरा विचारा, आणि तेही लिहा.”