नायकाच्या जागी

झुल्यावरून पडून दौलत गेला, तो मूकपटाच्या चित्रणातच. सर्कशीतल्या प्रेमकथेचं ते चित्र होतं आणि नायकाचे कपडे चढवून उड्या दौलतच मारत होता. वर्षभराने ते मिरजेत तंबूतल्या सिनेमाला लागलं, तेव्हा त्याची बायको केशर दिरासोबत पाहायला गेली.

पडद्यावर त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण पाठ तिने ओळखली. झोके घेता घेता हात सुटला आणि तो कोसळला. पुढच्याच क्षणी नायक माती झटकत उठला, नायिका त्याच्या गळ्यात पडली आणि तंबूभर टाळ्या वाजल्या.

खेळ संपला तरी केशर उठेना. "चला वहिनी," दीर म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं, भावजी. मी पुढचा खेळ बघून येते," ती म्हणाली. "पडायच्या आधी दोन झोके आहेत त्यांचे."