एरमेलिंदाचे चार आकडे

"पाचाच्या बटणावर टिंब आहे. तिथून बोट वर नेलं की दोन, खाली नेलं की आठ. एवढं सोपं, आणि लोकांना वाटतं, आंधळी बाई चमत्कारच करतेय!"

दाराशी उभ्या पहारेकऱ्याला असं ऐकवत एरमेलिंदानं कानातले इअरफोन काढले, लेंपिराच्या नोटा एप्रनच्या खिशात कोंबल्या आणि एटीएमच्या खोलीचं दार ढकलून ती बाहेर आली. बाहेर तिचा नवरा वेन्सेस्लाओ रोस्कियांची टोपली धरून उभा होता. मक्याच्या या कडक रोस्किया ती भाजायची आणि तो बाजारात वाहून न्यायचा.

"आत का नाही आलास?"

"मी कशाला? तुझं तू करतेस की आता."

सहा वर्षांची असताना गोवरानं तिचे डोळे नेले. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते तिच्या कार्डाच्या चार आकड्यांचं. ते नवऱ्याला ठाऊक, बँकेचा पहारेकरी तिबुर्सिओला ठाऊक, तो रजेवर असला की त्याच्या जागी येणाऱ्यालाही ठाऊक. गावातल्या कुत्र्यांना तेवढे ठाऊक नव्हते.

वेन्सेस्लाओला डोळे होते, पण तो यंत्राला हात लावील तर शपथ. "चष्मा घरी राहिला रे," म्हणत तो कार्ड सरळ तिबुर्सिओच्या हातात द्यायचा.

"घरी बायबल वाचताना बरा सापडतो तुझा चष्मा!" ती टोमणा मारायची.

रोज संध्याकाळी जेवणं झाली की तो तिला बायबल वाचून दाखवायचा. त्याच्या वाचनात योना माशाच्या पोटात चांगला आठवडाभर राहायचा. पाद्रीबाबा तर तीनच दिवस म्हणतात, असं तिनं एकदा टोकलं, तेव्हा तो म्हणाला, "आपली प्रत जुनी आहे." आवाज असा गोड, की तिनंही वाद घातला नाही.

सहा वर्षं तिनं बँकेचा उंबरठा झिजवला, तेव्हा कुठे हे बोलणारं यंत्र गावात आलं. इअरफोन खुपसला की पडदा काळा होतो आणि कानात एक बाई सगळं सांगते. त्या दिवशी एरमेलिंदानं आकडे बदलले आणि नवे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितले नाहीत. आठवडाभर ती नव्या नवरीच्या तोऱ्यात बाजारातून फिरत होती.

मग बँकेचं पत्र आलं. एका बाईसाठी एवढं महागडं यंत्र ठेवणं परवडत नाही. तीन महिन्यांत निदान चाळीस निरनिराळी कार्डं इअरफोन लावून वापरली गेली नाहीत, तर यंत्र राजधानीला, तेगुसिगाल्पाला परत नेऊ.

गावात आंधळी माणसं तीन. एक ती, दुसरा चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा आणि तिसरं अजून पाळण्यात. चाळीस कार्डं आणायची कुठून? गेला आठवडाभर तिला घास उतरत नव्हता.

आज ती मुदत संपत होती. राजधानीहून आलेल्या तंत्रज्ञानं यंत्राचं पोट उघडलं, आत डोकावून बराच वेळ खुटखुट केली आणि म्हणाला, "एकशे सोळा."

"काय एकशे सोळा?"

"कार्डं! सगळी इअरफोन लावून वापरलेली. राहतंय तुमचं यंत्र, एरमेलिंदाबाई."

तिबुर्सिओनं दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. एरमेलिंदाचा चेहरा मात्र उतरला.

"वेन्से, तू घरोघर फिरलास?"

"मी? छे!"

"खोटं बोलू नकोस. 'माझ्या आंधळ्या बायकोसाठी एकदा इअरफोन लावा हो,' म्हणत फिरला असशील. मला भीक नको होती रे! माझे चार आकडे माझ्यापाशी राहावेत, एवढंच हवं होतं मला." ती तंत्रज्ञाकडे वळली. "साहेब, हा आकडा खोटा आहे. लोकांनी माझ्यावर दया केलीय. माझं आणि घंटावाल्या म्हाताऱ्याचं, अशी दोनच लिहा आणि घेऊन जा तुमचं यंत्र."

"विचार करा, बाई. एकदा लिहिलं की गुरुवारी गाडी येईल."

"लिहा म्हटलं ना!"

त्यानं खांदे उडवले आणि वही उघडली.

वेन्सेस्लाओनं टोपली खाली ठेवली. या बाईचा मानीपणा बघूनच तर त्यानं तिच्याशी लग्न केलं होतं, आणि आता त्याच मानीपणापायी ती स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत होती.

"थांबा. लिहू नका," तो म्हणाला. "लिंदा, मी कुणाच्या दारात गेलो नाही. तुझ्यावर दया करायलाही इथे कुणी आलेलं नाही. दुपारी रांग नसते तेव्हा येतात ही माणसं. कॉफीच्या मळ्यातली, बाजारातली. इअरफोन खिशात लपवून आणतात. पडद्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही गं. कधीच येत नव्हतं. जन्मभर काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याला पुढे करायचं, आणि आपल्याला कुणी ओळखलं तर, म्हणून जीव मुठीत धरायचा. आता ती बाई कानात सांगते, आणि कुणाला पत्ता लागत नाही."

तंत्रज्ञाचं पेन हवेतच राहिलं. तिबुर्सिओ उगाचच रस्त्याकडे बघू लागला.

"पण हे तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. "असलं कुणी कुणाला सांगतं होय?"

वेन्सेस्लाओनं तिचा हात हातात घेतला.

"पहिलं कार्ड तुझं होतं, लिंदा," तो म्हणाला. "दुसरं माझं."