दुरुस्ती की नवी

रेनो माकीने रायफल काउंटरवर आडवी ठेवली आणि खिशातून एक काडतूस काढून तिच्या शेजारी उभं केलं.

“उडतच नाही,” तो म्हणाला. “दुरुस्त होईल, की नवीच घेऊ?”

आइली चष्मा पुसत होती. बंदुका विकायचं आणि दुरुस्त करायचं हे दुकान आधी तिच्या बापाचं, आता तिचं. पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार खुली होते, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. पण रेनो शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. त्याला ‘उद्या ये’ म्हणणं तिच्या जिवावर आलं.

उत्तर दिलं ते शेगडीजवळ कॉफी पीत बसलेल्या उर्होने. उर्हो कधी काही विकत घेत नसे. तो नुसताच यायचा.

“ही बंदूक आहे होय? मला वाटलं झाडू आणलास! अरे, पहिल्या पगारात सेलमधून उचललेली ना ही? प्लास्टिकचा दस्ता, आणि चाप ओढायला ट्रॅक्टर लावावा लागतो. आता नवा चाप बसवशील, दस्ता बदलशील, वर दुर्बीण चढवशील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! फेकून दे आणि भिंतीवरची ती घे.”

“मीही तेच म्हणतोय,” रेनो म्हणाला. “वेळेला चालली पाहिजे.”

“मग काय! शिकार दारात उभी आणि बंदूक रुसलेली, काय उपयोग?” उर्हो रंगात आला. “आणि आइली, ह्याचं काय चाललंय ते विचार तरी. परवा कुत्रा माझ्या बहिणीला देऊन टाकला. सोन्यासारखा कुत्रा! म्हणे, माझ्याच्याने आता होत नाही. आज बंदूक बदलतोय. नवी नवरी आणतोस की काय रे?”

रेनो हसला. हसायचं असतं म्हणून हसला.

आइलीने काडतूस उचललं. बुडाच्या मधोमध बारीकसा खड्डा होता. आतली पिन आपटली होती, पण जोर नव्हता. स्वस्तातल्या बंदुकांची ही जुनीच खोड. थंडीत तेल घट्ट होतं, स्प्रिंग मलूल पडते आणि ठोका हलका बसतो. तेल पुसायचं, स्प्रिंग बदलायची. उर्होची कॉफी संपायच्या आत होणारं काम.

“कशावर झाडत होतास?” तिने सहज विचारलं.

“हरीण होतं. घरामागे. काल.”

“काल! अरे चोरा!” उर्होने मांडीवर थाप मारली. “पंधरा तारखेपर्यंतसुद्धा धीर निघेना?”

आइलीने काडतूस खाली ठेवलं. शिकार खुली व्हायच्या एक दिवस आधी हरीण मारलं म्हणून रेनोने सख्ख्या मेहुण्याला वनरक्षकाच्या ताब्यात दिलं होतं. त्यावरून घरात वर्षानुवर्षं अबोला होता. तो माणूस मुदतीआधी हरणावर बंदूक रोखणार? सूर्य पश्चिमेला उगवला तरी नाही.

“उर्हो, चर्चच्या बायकांनी विकायला मटण भरलेल्या गरम पास्टी भाजल्यात. जा, आपल्या तिघांसाठी घेऊन ये.”

“आत्ता?”

“आत्ता. आणि सावकाश ये.”

दार बंद झालं. आइलीने रायफलचा बोल्ट, पिन आणि स्प्रिंग ज्यात असते तो दांडा, ओढून बाहेर काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला. बोल्ट नसला की रायफल म्हणजे नुसती काठी.

“हरीण नव्हतं, रेनो.”

तो भिंतीवरच्या बंदुकीकडे बघायला लागला.

“नव्हतं,” तो म्हणाला. “एवढंसुद्धा धड जमलं नाही बघ मला.”

तिला त्याचा भयंकर राग आला. कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि त्या मलूल, टाकाऊ स्प्रिंगच्या पाया पडावंसंही वाटलं.

“भिंतीवरची देतेस?”

“नाही.”

“शहरात मिळेल.”

खरं होतं ते. शहरातल्या मोठ्या दुकानात त्याला कोणी ओळखत नव्हतं. तिथे त्याला नवी बंदूक हसत हसत, कापडात गुंडाळून दिली असती.

“तुझ्या बहिणीला फोन करते,” ती म्हणाली.

“नको.”

“विचारत नाहीये, सांगतेय.”

रेनोने रायफलच्या दस्त्यावरून अंगठा फिरवला. प्लास्टिक तिथे घासून गुळगुळीत झालं होतं.

“मग हिचं काय?”

“ठेवून जा. करते दुरुस्त.”

“कधी होईल?”

“स्प्रिंग मागवावी लागेल,” आइली म्हणाली. तिच्या हाताखालच्याच खणात तसल्या स्प्रिंगा मूठभर पडल्या होत्या. “बर्फ वितळेपर्यंत काही यायची नाही.”

रेनोचा जन्म लाकडाच्या गिरणीतली यंत्रं जोडण्यात गेला होता. एका स्प्रिंगला किती वेळ लागतो हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

“मी मध्येच मागायला आलो तर?”

“तर आली नाही म्हणेन.”

“परत आलो तर?”

“परत तेच सांगेन. तू रोज ये. रोज येऊन मला शिव्या घाल. पण ये.”

रेनोने टोपी घातली. दारापर्यंत गेला, मुठीवर हात ठेवला, आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

“रविवारी तुझं दुकान बंद असतं,” तो म्हणाला.