लवूकाकांची एकसष्टी

मी हवामानशास्त्रज्ञ आहे, पण आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हे बोलायची चोरी. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस का जात नाही, हे मी ग्रुपवर समजावलं की सेक्रेटरी लवूकाका लगेच लिहायचे, "हवामान बिवामान काय बदललेलं नाय. हे शास्त्रज्ञ पगारासाठी लोकांना घाबरवतात." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागायची.

परवा त्याच लवूकाकांचा मला एकटीला मेसेज आला. "ऋतिका, रविवारी माझी एकसष्टी गच्चीवर करतोय. पाऊस नाय ना गं? खरं ते सांग."

मी खरं तेच सांगितलं. फक्त ग्रुपवर सांगितलं. "लवूकाका, तुम्ही मला खासगीत विचारलंत ना, रविवारी संध्याकाळी जोरदार पाऊस आहे. कार्यक्रम खालच्या हॉलमध्ये घ्या."

लगेच त्यांचं उत्तर आलं. "मी कशाला विचारू हिला? एकसष्टी गच्चीवरच होणार!"

रविवारी औक्षणाचं निरांजन विझलं, मांडवाचं कापड फाटून पाणी थेट श्रीखंडात पडलं आणि नवा सिल्कचा कुर्ता अंगाला चिकटलेले लवूकाका जिन्यात कुडकुडत उभे राहिले. आई हळहळली, "तू तर आधीच सांगितलं होतंस गं त्यांना."

"हो ना. सगळ्यांसमोर सांगितलं."



खासगीत सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं.