मागची गाडी

"दम लागला की थांब. मी मागेच आहे," असं बजावून नवरा गाडीत बसला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सायकलवरचा तिचा हा पहिला घाट. वाटेत सायकल टाकावी लागणार म्हणून त्याने डिकी आधीच रिकामी करून ठेवली होती.

त्या रिकाम्या डिकीचाच तिला राग होता. वळणावळणावर गुडघा ठणकला, शेवटच्या चढाला सायकल डुगडुगली, पण तिने पाय टेकला नाही. खिंडीतल्या गार वाऱ्यात तिने हसत मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता.

खाली येऊन पाहते तर दुसऱ्याच वळणावर गाडी तापून उभी, बॉनेट उघडं आणि नवरा घामाघूम. तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"वरपर्यंत गेलीस?"

"गेले."

"मग टाक आता सायकल डिकीत."

"पण तुम्ही कुठे पाहिलंत?" तिने सायकल पुन्हा चढाकडे वळवली. "या मागून."